सायकल टूर सुरू करायची आहे? मग सायकली आत्ताच घेऊ नका



व्हिडिओत फळ्यावरचा हिशोब मी जरा पटापट उरकला, आणि बऱ्याच जणांना तो नीट कळला नाही. म्हणून इथे सावकाश लिहितो. वही-पेन घेऊन बसा.

सुरुवात माझ्या दुकानातून. वाशीमला माझं सायकलींचं दुकान आहे हे तुम्हाला माहीतच आहे. दिवाळीनंतर कारंज्याचा एक मुलगा आला. माझ्या दोन दिवसांच्या वर्गाला आधी येऊन गेलेला. आल्याआल्या म्हणाला, "भाऊ, दहा सायकली एकदम घेतल्या तं काय भाव लावसान?"

धंदेवाल्याला याहून गोड प्रश्न नसतो. दहा सायकली म्हणजे माझा एखाद्या महिन्याचा गल्ला. पण मी विचारलं, कशाला रे? तर म्हणे, मुंबईत, गोव्यात, पुद्दुचेरीत लोक पैसे देऊन सायकलवरून जुनं शहर बघतात. आपल्या कारंज्यात काय कमी आहे? मी पण तेच करतो. पैसे कुठून आणणार? आईची एफडी मोडून.

त्या दिवशी मी त्याला भाव सांगितला नाही. चहा पाजला आणि म्हणालो, आधी मी अशी एक टूर करून येतो, मग बोलू. मला मुंबईत होलसेलवाल्याकडे जायचंच होतं. अकोल्याहून विदर्भ एक्स्प्रेस धरली, एक मुक्काम केला आणि रविवारी पहाटे सहाच्या आधी कुलाब्यात हजर झालो. माणशी दीड हजाराच्या आसपास मोजले. सायकल विकणारा माणूस सायकल चालवायला पैसे देतोय, याचं माझं मलाच हसू येत होतं.

रस्ता असा होता. गेटवे ऑफ इंडियाच्या बाहेरून निघालो, मग काळा घोडा, हॉर्निमन सर्कल, फ्लोरा फाउंटन, सीएसएमटी, तिथून ओव्हल मैदान, आणि शेवटी मरीन ड्राइव्हवरून गिरगाव चौपाटीपर्यंत जाऊन परत. सगळं मिळून अकरा-बारा किलोमीटर. वेळ अडीच तास. आम्ही आठ जण. गाइड पुढे, आणि सगळ्यांच्या मागे एक पोरगा, पाठीवर पंप आणि पान्यांची पिशवी.

आता मी काय बघत होतो ते सांगतो, कारण तुम्हालाही हेच बघायचं आहे. इमारती नंतर बघा.

पहिली पंधरा मिनिटं त्याने इतिहासाचा एक शब्द काढला नाही. प्रत्येकाचं सीट उंचीप्रमाणे बसवलं, ब्रेक दाबून बघितले, हेल्मेटचा पट्टा स्वतःच्या हाताने लावला. मोकळ्या रस्त्यावर एक चक्कर मारायला लावली. आमच्यात एक काकू होत्या, वीस वर्षांनी सायकलवर बसलेल्या. त्या लडबडल्या. गाइडने त्यांना गुपचूप आपल्या मागे दुसऱ्या नंबरवर घेतलं, म्हणजे सगळ्या रांगेचा वेग आपोआप त्यांच्या वेगाला आला. कुणाच्या लक्षातही आलं नाही. माझ्या आलं, कारण मी त्याच्यासाठीच गेलो होतो.

अडीच तासांत चाक फिरलं जेमतेम एक-सव्वा तास. बाकी वेळ थांबे, पाणी, फोटो, गोष्टी. आणि थांबे मोजून सात. फोर्टमध्ये दर पन्नास पावलांवर जुनी इमारत आहे, त्याने बहुतेक सोडून दिल्या. नवीन माणूस इथेच चुकतो. त्याला वाटतं, पैसे घेतलेत तर सगळं दाखवलं पाहिजे. सगळं दाखवलं की गिऱ्हाईक थकतो, आणि थकलेला गिऱ्हाईक दुसऱ्याला सांगत नाही.

फ्लोरा फाउंटनजवळ तो थांबला आणि विचारलं, चर्चगेट स्टेशनचं नाव ऐकलंय, पण गेट कुठे आहे? सगळे इकडेतिकडे बघायला लागले. मग त्याने सांगितलं की फोर्ट म्हणजे खरोखरच तटबंदीचं गाव होतं, त्याला तीन दरवाजे होते, त्यातला सेंट थॉमस चर्चकडे जाणारा तो चर्च गेट, आणि १८६०च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रिअरच्या काळात तट पाडला गेला. कारंजं त्या दरवाजाच्या जागेजवळच उभं राहिलं, १८६४ साली. म्हणजे बघा, जे आता तिथे नाहीच, ते दाखवून तो पैसे घेत होता! आणि आम्ही खूश होतो.

ओव्हल मैदानावर तर मला शहारा आला. एका बाजूला राजाबाई टॉवर आणि हायकोर्ट, दुसऱ्या बाजूला १९३०च्या दशकातल्या आर्ट डेको इमारती. या दोन्ही मिळून २०१८ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेल्या. पण गोष्ट वेगळीच होती. १८६१ला अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस इंग्लंडला जायचा थांबला, आणि हिंदुस्थानातल्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर. त्या पैशावर समुद्र हटवून जमीन काढायच्या कंपन्या निघाल्या, लोकांनी डोळे झाकून शेअर घेतले. त्यात सगळ्यात मोठं नाव प्रेमचंद रायचंद. १८६५ला युद्ध संपलं, कापूस कोसळला, शेअर कोसळले, बँका बुडाल्या, प्रेमचंदही बुडाले. त्यांनी आधी विद्यापीठाला दिलेल्या देणगीतून हा टॉवर पुढे १८७८मध्ये पुरा झाला, त्यांच्या आईच्या नावाने.

त्या मुंबईच्या कापसात आपल्या वऱ्हाडचा कापूस होता. गाइडला ते माहीत होतं की नाही कोण जाणे, तो बोलला नाही. मी मात्र तिथे उभा राहून कारंज्याच्या पोराचा विचार करत होतो. हवेत असलेल्या मागणीवर आधी पैसा ओतायचा, गिऱ्हाईक मागून बघू.

मरीन ड्राइव्हवर बोलणं बंद. डावीकडे समुद्र, सकाळची हवा, सरळ रस्ता. गाइड गप्प राहिला हे त्याचं शहाणपण. शेवटी इराणी हॉटेलात बन-मस्का आणि चहा, तो पैशांत धरलेला. तिथे त्याने फोटो पाठवायला सगळ्यांचे नंबर घेतले. जाहिरातीचा एक रुपया खर्च न करता आठ घरांत त्याचं नाव गेलं.

आता आपल्याकडे या.

कारंजा लाड आणि मुंबईची बरोबरी होत नाही, समुद्र तर सोडाच. पण गावाजवळ माल आहे. मुंबईत दरवाजे पाडले, कारंज्यात दिल्ली वेस, दारव्हा वेस ही नावं आजही रोजच्या बोलण्यात आहेत. श्री नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान म्हणून गुरुमंदिर आहे, तिथे सगळ्या महाराष्ट्रातून दत्तभक्त येतात. काष्ठासंघ, सेनगण, बलात्कारगण अशी तीन जुनी जैन मंदिरं, त्यांच्या शास्त्रभांडारांतल्या हस्तलिखितांवर डॉ. हिरालाल जैन यांनी अमरावतीच्या कॉलेजात असताना काम केलं आणि १९३०च्या दशकात त्यातले अपभ्रंश ग्रंथ छापून जगासमोर आणले. ऋषी तलाव आहे. कस्तुरीच्या हवेलीची आख्यायिका आहे, की एका व्यापाऱ्याने विकायला आलेली सगळीच्या सगळी कस्तुरी घेतली आणि घराच्या चुन्यात कालवली. ही आख्यायिका म्हणूनच सांगा हं, इतिहास म्हणून नको. ऐकणाऱ्यात एखादा जाणकार निघाला तर बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास जातो.

गिऱ्हाईक कोण? पोराचं उत्तर होतं, "दत्तभक्त, हजारोंनी येतात." मला हे पटत नाही. ते दर्शनाला येतात, बरेचसे वयस्कर असतात, आणि त्यांना पुढे माहूर किंवा गाणगापूर गाठायचं असतं. माझ्या मते गिऱ्हाईक आहे अकोला-अमरावती-वाशीममधलं नोकरदार कुटुंब, ज्याला रविवारी पोरांना घेऊन कुठे जावं कळत नाही, आणि तिथले सायकल ग्रुप. समृद्धी महामार्गाला कारंज्याजवळ उतरता येतं, तोही एक दरवाजा आहे, पण तो नंतरचा.

आता हिशोब. आकडे मी धरलेले आहेत, तुम्ही तुमचे घाला.

एक फेरी, रविवार सकाळ, अडीच तास. सायकली भाड्याने, एका सायकलीचे ८० रुपये. पाहुण्यांच्या सोबत दोन सायकली आपल्या, गाइडची आणि मागच्या पोराची. नाश्ता माणशी ५०.

माणसं कितीही येवोत, होणारा खर्च: सायकली आणायचा टेम्पो ३००, मागचा पोरगा ३००, गाइड ६००, पंक्चर-पाणी १००, आपल्या दोघांच्या सायकली आणि नाश्ता २६०. बेरीज १,५६०.

गाइडचे ६०० बघून पोरगा म्हणाला, "गाइड तं मीच हाव, मले कायले पैसे?" मित्रांनो, ही आपल्या लोकांची सगळ्यात जुनी चूक. स्वतःची मजुरी धरत नाही, आणि मग वर्षाने म्हणतो की धंदा नफ्यात आहे पण खिशात काही राहत नाही. तू आजारी पडलास तर दुसरा गाइड फुकट येणार आहे का?

पुढे. प्रत्येक पाहुण्यामागे खर्च १३० रुपये. पोराने फी ठरवली होती ३५०, "आपल्याकडचे लोक यापेक्षा जास्त देत नाहीत" म्हणून. ३५० वजा १३०, म्हणजे एका पाहुण्यामागे २२० हातात. १,५६० भागिले २२०, उत्तर सातच्या जरा वर. म्हणजे सात जण आले तरी वीस रुपये खिशातून जातात, आठ आले तर २०० उरतात. चारच आले तर ६८०चा खड्डा. बीबीएला याला ब्रेक-इव्हन शिकवलं होतं, मार्कही चांगले पडले होते, पण ते खरं समजलं दुकान टाकल्यावर.

आता फी ४५० करून बघा. पाहुण्यामागे ३२० उरतात. १,५६० भागिले ३२०, पाचच्या आत. पाच जणांत फेरी सुटते! शंभर रुपये वाढवले तर आठ माणसं शोधायची ती पाचच शोधावी लागतात. कारंज्यात दर रविवारी आठ अनोळखी माणसं जमवणं आणि पाच जमवणं, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आणि आता त्या दहा सायकली. साधी चांगली सायकल ९,००० धरा. दहाचे ९०,०००. विकत घेतल्या तर भरलेल्या फेरीमागे वाचणार काय? भाडं, ८०० रुपये. ९०,००० भागिले ८००, म्हणजे ११२ फेऱ्यांच्या वर. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये रस्त्यावर अंडं तळावं असं ऊन, पावसाळ्याचे दोन महिने चिखल. वर्षाला तीसेक रविवार मिळाले तरी खूप. म्हणजे पावणेचार वर्षं, तीही प्रत्येक फेरी भरली तर. तोवर टायर-ट्यूब-चेन दोनदा बदलून होते. हेल्मेट आणि सायकली ठेवायची जागा मी धरलीच नाही.

हे मी कुठल्या तोंडाने सांगतोय तेही ऐका. २०२०ला लॉकडाऊनमध्ये सायकलींची अशी काही मागणी आली की दुकानात माल टिकेना. मी घाईने गिअरच्या सायकलींचा मोठा लॉट उचलला. माल येईपर्यंत जिम उघडल्या, ऑफिसं उघडली. त्यातल्या शेवटच्या दोन सायकली मी २०२३ला खरेदीच्या खाली विकल्या. घरात दोन वर्षं त्या विषयावर बोलणं नव्हतं.

पण त्या लाटेत विकलेल्या सायकली गेल्या कुठे? गॅलरीत, जिन्याखाली, चादर टाकून उभ्या आहेत. कारंज्यातही. म्हणून मी पोराला सांगितलं, ओळखीच्या घरांतून रविवारी सकाळपुरत्या भाड्याने घे. आदल्या दिवशी प्रत्येक ब्रेक स्वतः तपास, हवा भर, आणि मोडतोड झाली तर कोण भरणार ते कागदावर लिहून दे. मंदिरांच्या विश्वस्तांना आधी जाऊन भेट, वेळ आणि कपड्यांचे नियम विचार, आणि हस्तलिखितं दाखवतो असं जाहिरातीत लिहू नको, ते तुझ्या हातात नाही. प्रथमोपचाराची पेटी मागच्या पोराकडे. हेल्मेटशिवाय कुणी नाही, मग तो तुझा मामा का असेना. हेल्मेट दहा मात्र विकत घे, ती मी तुला खरेदीच्या भावात देतो.

पहिली फेरी त्याने जानेवारीत केली, ४५० रुपये फी लावून. सहा जण आले, सगळे अकोल्याचे. हिशोबाने ३६० उरायला पाहिजे होते. उरले १९०, कारण नाश्त्याला दोघांनी दुसरी प्लेट मागितली आणि एक ट्यूब बदलावी लागली. थांबे त्याने अकरा ठेवले होते, शेवटचे तीन गुंडाळावे लागले. आता सात केलेत. पुढच्या रविवारी तिघांचंच बुकिंग होतं, त्याने शुक्रवारी रात्री फोन करून पैसे परत दिले आणि पुढची तारीख दिली. तिघांपैकी दोघे त्या तारखेला आले.

एफडी अजून बँकेत आहे. वीस फेऱ्या झाल्या की पुन्हा हिशोबाला बसायचं आमचं ठरलंय.