आधी साक्ष, मग रीस्टार्ट
बंद पडणाऱ्या सर्व्हरकडून पुरावा कसा घ्यावा?



कुरआन मजीदमधील सर्वांत दीर्घ आयत कोणत्या विषयावर आहे, असे विचारले तर पुष्कळांना उत्तर देता येत नाही. ती उधारीच्या व्यवहारावर आहे. सूरह बकराच्या या २८२ क्रमांकाच्या आयतीत देणेघेणे लिहून ठेवण्याची व त्यावर साक्षीदार घेण्याची ताकीद आहे. कारण उघड आहे. माणसाची आठवण दगा देते, आणि लिखित काही नसले की दोन इमानदार माणसांतही संशय उभा राहतो.

आज आपली वही संगणकात गेली आहे. पण वही लिहिणारे यंत्रच मध्ये बंद पडले, तर साक्ष कोणाची घ्यावयाची? हा प्रश्न आमच्या पेढीवर आला, म्हणून हा लेख लिहीत आहे.

एका संध्याकाळची गोष्ट

आमच्याकडे मजुरी, माल व बिले यांचा हिशेब एका संगणक-प्रणालीवर चालतो. हप्ता वाटण्याच्या एका संध्याकाळी सर्व स्क्रीन गोठल्या. बाहेर कारागिरांची रांग होती. प्रणाली पुरविणाऱ्याला फोन केला. त्याने दुरूनच सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला. पाच मिनिटांत काम सुरू झाले आणि आम्ही त्याचे आभार मानले.

रात्री मात्र हिशेब जुळेना. गल्ल्यातून जितकी रक्कम गेली होती, त्यापेक्षा नोंदलेली मजुरी कमी होती. मुनीमजी म्हणाले, "सेठ, मी प्रत्येक नोंद केली होती." पुरवठादार म्हणाला, "तुमच्या माणसाने सेव्ह केलेच नसेल." मी पुरवठादारावर विश्वास ठेवला आणि चार माणसांसमोर मुनीमजींना बोललो. दुसऱ्या दिवशी कारागिरांना विचारले, तेव्हा पैसे सर्वांना मिळाल्याचे कळले. चोरीचा संशय गेला, पण निष्काळजीपणाचा ठपका त्यांच्यावर राहिलाच.

तीन आठवड्यांनी पुन्हा तेच घडले. या वेळी मात्र पुरवठादाराकडे नव्याने आलेल्या एका तरुण इंजिनिअरने एक व्यवस्था करून ठेवली होती. सर्व्हर उत्तर देईनासा झाला की रीस्टार्ट होण्यापूर्वी त्याच्या आतील स्थिती आपोआप एका फाईलमध्ये उतरवली जाई. ती फाईल उघडली आणि सर्व उलगडा झाला. दिवसाचा मोठा अहवाल काढणारे काम डेटाबेसकडे जाणाऱ्या सर्व जोडण्या घेऊन बसले होते आणि परत करीत नव्हते. मजुरीच्या नोंदी जतन करण्याची कामे त्यामागे ताटकळत उभी होती. रीस्टार्ट करताच ही थांबलेली कामे पुसली जात. म्हणजे बटण दाबले गेले होते, नोंद सर्व्हरपर्यंत पोहोचलीही होती, पण वहीत उतरली नव्हती.

मी त्याच चार माणसांसमोर मुनीमजींची माफी मागितली. मात्र पहिल्या संध्याकाळचा पुरावा कधीच मिळाला नाही. तो आम्हीच घाईने रीस्टार्ट करून पुसून टाकला होता.

रीस्टार्टने काय नष्ट होते?

ॲप्लिकेशन सर्व्हर म्हणजे गिऱ्हाईक आणि गोदाम यांच्यामध्ये उभा असलेला गुमास्ता समजा. स्क्रीनवरून मागणी येते, तो हिशेब करतो आणि डेटाबेसरूपी गोदामात ठेवतो किंवा तेथून काढतो. टॉमकॅट, वाइल्डफ्लाय, वेबलॉजिक, वेबस्फिअर ही अशा सर्व्हरांची प्रसिद्ध नावे होत. ही सर्व जावा या भाषेवर चालतात.

हा गुमास्ता एकाच वेळी अनेक कामे हाती घेतो. कोणते काम कोठे अडले आहे, हे त्याच्या तात्पुरत्या स्मृतीत असते. रीस्टार्ट केले की ती स्मृती कोरी होते. काम चालू होते, पण आजाराचे कारण निघून जाते आणि आजार मात्र राहतो.

आपल्या धंद्यातील लोकांना ही गोष्ट नवी वाटू नये. जपानचे साकिची टोयोडा यांनी १९२४ मध्ये जो स्वयंचलित माग पूर्ण केला, तो ताण्याचा धागा तुटताच आपोआप थांबत असे. अशा मागांत ताण्याच्या प्रत्येक धाग्यावर धातूची एक पातळ पट्टी लटकलेली असते. धागा तुटला की पट्टी खाली पडते व माग थांबतो. विणकराला हजारो धागे तपासावे लागत नाहीत, पडलेली पट्टीच तुटलेली जागा दाखविते. इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्स या माग बनविणाऱ्या कंपनीने १९२९ मध्ये या मागाचे हक्क विकत घेतले. यंत्राने थांबावे, आणि थांबताना दोष कोठे आहे तेही सांगावे, हाच नियम सर्व्हरलाही लागू आहे.

कोणता पुरावा घ्यावा?

१. थ्रेड डम्प : त्या क्षणी प्रत्येक काम कोठे उभे आहे, याची यादी. ती काही सेकंदांत मिळते व ती घेतल्याने सर्व्हर मरत नाही. एक यादी पुरत नाही. दहा-दहा सेकंदांच्या अंतराने तीन घ्याव्यात. तिन्हींत जे काम एकाच जागी दिसेल, ते अडकलेले समजावे.

२. हीप डम्प : स्मृतीत काय काय भरले आहे, त्याची पूर्ण प्रत. स्मृती संपून सर्व्हर पडत असेल तर हीच उपयोगी पडते. जावा सुरू करतानाच तसा पर्याय देऊन ठेवला, तर स्मृती संपल्याची पहिली चूक होताच ही फाईल आपोआप लिहिली जाते. मात्र ती कित्येक गीगाबाइटची होऊ शकते व लिहिली जात असताना सर्व्हर थबकतो. डिस्कवर जागा नसेल तर ती अर्धवट राहते.

३. यंत्राची स्थिती : डिस्क किती भरली, स्मृती किती उरली, किती जोडण्या उघड्या आहेत. लिनक्समध्ये स्मृती फारच कमी पडली, तर मूळ प्रणाली स्वतःच एखादे मोठे काम ठार करते. अशा वेळी जावाला काही लिहिण्याची संधीच मिळत नाही. त्याची खूण लिनक्सच्या स्वतःच्या नोंदीत शोधावी लागते.

४. आधीच्या घडामोडी : वरील तीन गोष्टी पडण्याच्या क्षणाच्या आहेत. त्यापूर्वीच्या काही मिनिटांत काय झाले, यासाठी जावात फ्लाइट रेकॉर्डर आहे. विमानातील पेटीप्रमाणे तो सतत नोंद करतो व जुने पुसून नवे ठेवतो. पूर्वी व्यापारी वापरासाठी त्याला परवाना लागे. २०१८ च्या जावा ११ पासून तो सर्वांना खुला आहे.

मोठ्या कंपन्यांनी ही सोय सर्व्हरमध्येच घातली आहे. आयबीएमच्या वेबस्फिअरमध्ये चूक प्रथम घडते तेव्हाच तिची माहिती वेगळ्या फाईलमध्ये लिहिली जाते. ती चूक मुद्दाम पुन्हा घडवून पाहण्याची वाट बघावी लागू नये, हा त्यामागचा विचार होय. वेबलॉजिकमध्ये नियम घालून ठेवता येतो की अमुक मर्यादा ओलांडली की स्थितीचे चित्र घ्यावे. लहान प्रणालीत हे काम एक छोटा पहारेकरी प्रोग्राम करू शकतो. दर अर्ध्या मिनिटाला तो सर्व्हरला एक साधा प्रश्न विचारतो. लागोपाठ तीनदा उत्तर आले नाही, तर आधी पुरावा घेतो, मग रीस्टार्ट करतो.

हे काम माणसावर सोपवू नये. रांग उभी असते, फोन वाजत असतात, प्रत्येक जण "आधी चालू करा" म्हणतो. अशा वेळी शांतपणे पुरावा घेणारा माणूस विरळा. त्याचबरोबर या कामाला वेळेची मर्यादाही असावी. थ्रेड डम्प व यंत्राची स्थिती यांना एक मिनिट पुरेसे आहे. त्यासाठी दुकान तासभर बंद ठेवणे शहाणपणाचे नाही.

ही फाईल अमानत आहे

एक गोष्ट पुष्कळजण विसरतात. हीप डम्पमध्ये स्मृतीतील सर्व काही असते. ग्राहकांची नावे, फोन क्रमांक, कारागिरांची मजुरी, कधी कधी पासवर्डसुद्धा. ती फाईल व्हॉट्सॲपवर किंवा उघड्या ईमेलने पाठविणे म्हणजे दुसऱ्याची अमानत रस्त्यावर ठेवण्यासारखे आहे. आपल्या देशात डिजिटल व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संमत झाला. पण कायदा नसता तरी आपल्यावर ही जिम्मेदारी होतीच. फाईल कुलूपबंद ठेवावी, ज्याला गरज आहे त्यालाच द्यावी आणि काम झाल्यावर नष्ट करावी.

पुरवठादाराला काय विचारावे?

आपण संगणकतज्ज्ञ नसलो तरी हे पाच प्रश्न विचारू शकतो.

एक, सर्व्हर पडल्यास रीस्टार्टपूर्वी कोणती माहिती आपोआप घेतली जाते?
दोन, ती कोठे साठते, आणि तेथे पुरेशी जागा आहे काय?
तीन, तेच यंत्र पूर्ण बिघडले तर तिची प्रत दुसरीकडे असते काय?
चार, ती कोण पाहू शकतो व किती दिवसांनी पुसली जाते?
पाच, ही व्यवस्था चालते, हे चाचणीच्या सर्व्हरवर मुद्दाम बिघाड करून दाखवाल काय?

पाचवा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. न तपासलेली व्यवस्था ऐन वेळी निकामी निघते. या प्रश्नांची उत्तरे करारात लिहून घ्यावीत. सर्व यंत्रांची घड्याळे एकच वेळ दाखवितात, याचीही खात्री करावी. नाहीतर एका यंत्राची नोंद दुसऱ्याशी जुळत नाही.

आपल्या पेढ्यांवर, कारखान्यांत नोकर, मुनीम, कारागीर काम करतात. हिशेबात फरक पडला की बोट प्रथम त्यांच्याकडे जाते, कारण यंत्र बोलत नाही. दीनने आपल्याला बदगुमानीपासून दूर राहण्यास सांगितले आहे. पण नुसत्या इराद्याने ती टळत नाही, त्यासाठी पुराव्याची सोय आधीच करून ठेवावी लागते. ही सोय पहिल्याच दिवशी असती, तर एका इमानदार माणसाचा चारचौघांत झालेला अपमान टळला असता.

अल्लाह आपल्या व्यवहारात सचोटी व बरकत देवो. आमीन.