जुने दर, नवे दर

प्रश्न : पायथनमध्ये किराणा दरांच्या जुन्या-नव्या डिक्शनरी एकत्र करताना अपडेट वापरलं, तर जुनी यादीच बदलली. उपाय काय?

उत्तर : अपडेटचं कामच ते, मूळ डिक्शनरीत फेरफार करायचा. २०२० मध्ये आलेल्या ३.९ आवृत्तीपासून सरळ ‘जुने | नवे’ लिहा. तिसरी डिक्शनरी मिळते, मूळ दोन्ही शाबूत. जुन्यात तूर १४०, साखर ४२ आणि नव्यात तूर १६०, पोहे ५५ असतील, तर निकाल : तूर १६०, साखर ४२, पोहे ५५. किंमत उजवीकडची, पण तुरीची जागा पहिलीच! क्रम उलटा लिहिलात, तर जुना दर बोकांडी बसेल. आणि हो, किमतीच्या जागी आतली डिक्शनरी असेल, तर ती मिसळत नाही, अख्खी बदलली जाते. तिथे फंक्शन स्वतःच लिहावं लागतं.