घटक ४ : पडद्यावरचा शब्द आणि त्याचा संदर्भ

मागील घटकात आपण शब्दाच्या अनेकार्थतेचा विचार केला. प्रस्तुत घटकात तोच प्रश्न भ्रमणध्वनीच्या आणि संगणकाच्या पडद्यावर कसा उभा राहतो, ते पाहावयाचे आहे. मराठीच्या अभ्यासक्रमात हा विषय कशाला, असे काहींना वाटेल. परंतु पडद्यावरील बटणे, सूचना आणि प्रश्न ही भाषाच आहे, आणि तिची रचना करताना होणाऱ्या चुका बहुतांशी भाषेच्याच चुका असतात.

४.१ सैंधव आणा

संस्कृत शास्त्रग्रंथांत एक उदाहरण वारंवार येते. ‘सैंधव’ म्हणजे मीठ आणि सैंधव म्हणजे सिंधुदेशीचा घोडाही. जेवायला बसलेला माणूस ‘सैंधव आण’ म्हणाला तर मीठ आणावयाचे. प्रवासाला निघालेला म्हणाला तर घोडा. भर्तृहरीने ‘वाक्यपदीया’च्या दुसऱ्या कांडात अर्थनिश्चितीची जी साधने सांगितली आहेत, त्यांत साहचर्य, विरोध, प्रकरण, देश, काल यांचा समावेश होतो. येथे ‘प्रकरण’ म्हणजे चाललेला प्रसंग. ऐकणाऱ्याला तो दिसत असतो, म्हणून संदिग्ध शब्दही चालून जातो.

पडद्यावर बोलणारा समोर नसतो. शब्द लिहिणारा कधीच निघून गेलेला असतो आणि वाचणारा एकटा असतो.

४.२ एका अर्जाची गोष्ट

काही वर्षांपूर्वी माझ्या संपर्क सत्रातील एक विद्यार्थिनी परीक्षेचा अर्ज भरत होती. नावातील चूक दुरुस्त करण्यासाठी ती मागील पानावर जाऊ लागली, तोच पडद्यावर प्रश्न आला : ‘अर्ज रद्द करायचा आहे का?’ खाली दोन बटणे होती, ‘ठीक आहे’ आणि ‘रद्द करा’. अर्ज रद्द करावयाचा नाही, म्हणून तिने ‘रद्द करा’ टाळले आणि ‘ठीक आहे’ दाबले. अर्ज गेला. मुदतीचा तो शेवटचा दिवस होता. पुढे विलंब शुल्क भरून तिला पुन्हा सारे करावे लागले. “सर, मी नीट वाचूनच दाबलं होतं,” असे ती म्हणाली, आणि ते खरेच होते.

येथे ‘रद्द करा’ हे बटण अर्जाविषयी नव्हते, तर विचारलेला प्रश्नच मागे घेण्याविषयी होते. रचनाकाराच्या मनात हा भेद स्पष्ट असणार. पडद्यावर त्याची खूण नव्हती. ‘हो, अर्ज रद्द करा’ आणि ‘नको, अर्ज राहू द्या’ असे लिहिले असते, तर संदर्भ शब्दांतच आला असता. अशा प्रसंगी लोक वापरणाऱ्याला अडाणी ठरवतात. माझ्या मते दोष जवळजवळ नेहमी लिहिणाऱ्याचा असतो.

४.३ यंत्राला काय दिसते?

हा प्रश्न केवळ भाषांतराचा नाही. मानवशास्त्रज्ञ ल्यूसी सुचमन यांनी अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात छायाप्रत यंत्र वापरणाऱ्यांचे चित्रीकरण केले. यंत्र पडद्यावरून सूचना देई आणि प्रथमच ते हाताळणारी माणसे जोडीने काम करीत. त्यांचे आपसातले बोलणे, गोंधळणे, बोट दाखवणे यांतले काहीच यंत्रापर्यंत पोहोचत नसे; त्याला केवळ बटण दाबले गेले किंवा झाकण उघडले गेले एवढेच कळे. त्यामुळे माणसे एक काम करीत आहेत असे समजत, तर यंत्र दुसऱ्याच कामाच्या सूचना देत राही. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘प्लॅन्स अँड सिच्युएटेड ॲक्शन्स’ या ग्रंथात त्यांनी याचे विवेचन केले आहे. प्रकरण दोघांना सारखे दिसत नव्हते, असे आपण भर्तृहरीच्या परिभाषेत म्हणू शकतो.

४.४ मराठीपुढील खास अडचणी

भाषांतरकाराच्या हाती बहुधा सुट्या शब्दांची यादी येते. तो शब्द कोठे दिसणार, हे त्याला ठाऊक नसते. इंग्रजी ‘ओपन’ ही आज्ञा आहे की स्थिती? मराठीत ‘उघडा’ लिहून सुटका होत नाही, कारण ‘उघडा’ हे आज्ञार्थी क्रियापद आहे, तसेच पुल्लिंगी विशेषणही. ‘चालू’ एवढेच लिहिलेले बटण तर चालू आहे असे सांगते की चालू करा म्हणते, हे दाबल्याशिवाय कळत नाही.

लिंगाचा प्रश्न याहून बिकट आहे. इंग्रजीत एकच ‘डिलीटेड’ सर्वत्र चालते. मराठीत संदेश काढून टाकला, फाइल काढून टाकली, चित्र काढून टाकले. जागा रिकामी ठेवून तेथे कोणतेही नाम बसवण्याची युक्ती येथे फसते. ‘नवा-नवी-नवे’ टाळून भाषांतरकार ‘नवीन’ पसंत करतात, त्याचे एक कारण ते विशेषण लिंगानुसार बदलत नाही, हे असावे. ‘गेटटेक्स्ट’सारख्या साधनांत प्रत्येक शब्दासोबत संदर्भाची टीप जोडण्याची सोय आहे. ती टीप लिहिण्याचे कष्ट मात्र मूळ रचनाकारालाच घ्यावे लागतात.

स्वयंअध्ययन

१. तुमच्या भ्रमणध्वनीची भाषा मराठी करा. आज्ञा आणि स्थिती यांत गोंधळ होऊ शकेल असे तीन शब्द शोधा व ते कोणत्या ठिकाणी दिसले, ते नोंदवा.
२. बँकेच्या एटीएमवरील कोणताही एक प्रश्न व त्याखालील बटणे उतरवून घ्या. प्रश्न झाकून केवळ बटणे घरातील एखाद्या ज्येष्ठ व्यक्तीला वाचून दाखवा आणि ती व्यक्ती काय अर्थ लावते, ते लिहा.