गवती चहाचे तेल : विक्रीसाठी काढा, पिण्यासाठी नव्हे



पावसाळ्यात सर्दी-पडसे झाले की परसातील गवती चहाची दोन पाती आल्याबरोबर उकळून प्यायची, ही आपल्याकडची जुनी चाल आणि ती चांगलीच आहे. परंतु हे गवत पीक म्हणून लावून तेल काढणाऱ्यांच्या घरात आता तेलाच्या बाटल्याही असतात. मग "पाती चालते, तर तेलाचे चार थेंब का नकोत?" हा प्रश्न हमखास येतो. त्याचे उत्तर हिशेबातच आहे.

ओल्या गवतात तेलाचे प्रमाण सर्वसाधारणपणे ०.३ ते ०.५ टक्के असते. म्हणजे चहाच्या एका चमचाभर (५ मिली) तेलात साधारण एक ते दीड किलो गवताचा अंश उतरलेला असतो. एवढे गवत कोणी कपात घालत नाही! शिवाय परसातले ठोंब आणि तेलासाठी लावतात ते गवत बहुधा निरनिराळ्या जातींचे असते. केरळमधील ओडक्कली येथील संशोधन केंद्राने निवडलेला 'ओडी-१९' (सुगंधी) हा वाण तेलासाठीच आहे. चांगल्या तेलात सिट्रल ७५ ते ८५ टक्के असते. व्यापारी दर ठरवतो तो यावरच आणि कातडीची आग होते तीही मुख्यतः यामुळेच.

पहिली कापणी लागवडीनंतर तीन ते चार महिन्यांनी, जमिनीपासून १० ते १५ सें.मी. वर करावी. गवत सावलीत थोडे सुकू द्यावे. भट्टीत जास्त मावते व जळण वाचते. भट्टीतील वाफ थंड झाली की तेल पाण्यावर तरंगते. ते गाळून, पाण्याचा अंश पूर्ण काढून, ॲल्युमिनियमच्या किंवा गडद काचेच्या भांड्यात तोंडापर्यंत भरावे. हवा व उजेड लागल्यास सिट्रल घटते. शीतपेयाच्या किंवा औषधाच्या रिकाम्या बाटलीत तेल कधीही भरू नये. दर कमी मिळेल हे एक, पण घरातले लेकरू ती बाटली तोंडाला लावेल ही भीती त्याहून मोठी.

अंगाला लावायचे तर १०० मिली खोबरेल तेलात १ ते २ मिलीपेक्षा जास्त घालू नये. आधी कोपराच्या आतल्या बाजूस लावून एक दिवस पाहावे. लालसर पुरळ आल्यास वापर थांबवावा. डोळे, ओठ व जखम टाळावी. गवती चहा किंवा सिट्रोनेला तेलाचा डासांवरील परिणाम थोडाच वेळ टिकतो, म्हणून त्याच्या भरवशावर मच्छरदाणी काढून ठेवू नये. डेंग्यूचा डास तर दिवसा चावतो. रांजण, हौद व टाकी आठवड्यातून एकदा कोरडी करणे हा त्यावरचा खरा उपाय.

निलगिरी व कापूर यांच्या तेलाबाबत अधिक जपावे. तान्ह्या बाळाच्या नाकाजवळ ही तेले लावण्याची सवय अनेक घरांत आहे, ती सोडून द्यावी. बाळाचा श्वास अडकू शकतो. चमचाभर निलगिरी तेल पोटात गेल्यास लहान मुलाला झटके येऊन शुद्ध हरपू शकते. गरोदर स्त्रियांनी व दम्याच्या रोग्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय अशी तेले वापरू नयेत.

चुकून कोणी तेल प्यायल्यास बोट घालून किंवा मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नये. ओकताना तेल फुफ्फुसात उतरते आणि दुखणे वाढते. ताबडतोब १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी किंवा मिळेल त्या वाहनाने दवाखाना गाठावा. जाताना तेलाची बाटली सोबत न्यावी आणि किती तेल, किती वाजता पोटात गेले ते डॉक्टरांना सांगावे.