दूधधंद्यासाठीं जोडजमीन घेतांना

गोठा वाढविण्यासाठीं लगतची जमीन घेण्याचा विचार मुरुड भागांतील अनेक कास्तकार करतात. त्यांस आम्ही पुढील क्रम सुचवितों. प्रथम सात-बारा व फेरफार तपासावे. इतर हक्कांतील बोजा आणि वहिवाटीची वाट पाहावी. नंतर भर वैशाखांत विहिरीचें पाणी पाहावें. १० मोठ्या गायींस रोज सुमारें २०० किलो हिरवा चारा व ५० ते ६० किलो कडबा लागतो. म्हणजे वर्षाचा कडबाच सुमारें २० टन. २०१६ सालीं लातुरास मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें, हें विसरूं नये. पहिल्या वर्षीं नव्या जमिनींत केवळ चारा पिकवून कडब्याची गंज रचावी. मगच देवणी गायी वाढवाव्या. हा क्रम उलटला, तर गाय बाजारांत जाते आणि कर्ज घरांत राहतें.