नाकातील पॉलिप : लेझर की दुर्बीण?

प्रश्न : वय ४२. दोन्ही नाकपुड्यांत पॉलिप आहेत, वास येत नाही, दमाही आहे. पूर्वी एकदा काढले होते, पुन्हा वाढले. एक डॉक्टर दुर्बिणीची शस्त्रक्रिया सांगतात, दुसरे लेझर. काय करावे?

उत्तर : तुमच्यासाठी मी दुर्बिणीची शस्त्रक्रियाच निवडेन. पॉलिप बहुधा दोन डोळ्यांच्या मधल्या हाडातील बारीक कप्प्यांतून उगवतात. तारेच्या फासात धरून काढले, तर नाक लगेच मोकळे होते, पण कप्प्यांतली सूज तशीच राहते. लेझरचेही साधारण तेच. दिसणारे मांस जाते, सायनस उघडत नाहीत. दुर्बिणीतून, सीटी स्कॅन समोर ठेवून, ते कप्पेच मोकळे केले जातात. मायक्रोडिब्रायडर असेल तर मांस कापता कापता शोषले जाते आणि सर्जनला समोरचे स्वच्छ दिसते. डोळा आणि मेंदू इथून अगदी जवळ असतात, म्हणून हात अनुभवी हवा.

तरीही दमेकऱ्यांत पॉलिप परत येण्याचा धोका जास्तच. शस्त्रक्रियेचा मोठा फायदा असा, की नंतर स्टिरॉइडचे औषध थेट सायनसमध्ये पोहोचते. ते बंद केले, तर केलेले सगळे वाया जाते. तेवढ्यानेही भागले नाही, तर डुपिलुमॅबसारखी इंजेक्शने आहेत. ती फार महाग पडतात.

ॲस्पिरिन किंवा वेदनाशामक गोळीने कधी धाप लागली असेल, तर ते सर्जनला आणि भूलतज्ज्ञांना आवर्जून सांगा. दमा आटोक्यात आल्याशिवाय शस्त्रक्रियेची तारीख घेऊ नका.