आपला पंच आपण

हुतूतू असो, खो-खो असो वा क्रिकेट असो, मैदानावर पंच हा हवाच. खेळाडू बाद झाला किंवा नाही हे तो सांगतो आणि खेळाडूने ते मुकाट्याने मानावयाचे असते. गोल्फची गोष्ट मात्र निराळी आहे. या खेळात एक लहानसा कठीण चेंडू लांब काठीने टोलवीत टोलवीत जमिनीतील खळग्यात घालावयाचा असतो. गोट्या खेळणाऱ्यास हा प्रकार अगदीच परका वाटणार नाही! असे अठरा खळगे पुरे करण्यास दोन कोसांहून अधिक चालावे लागते, आणि ज्याचे फटके सर्वांत कमी, तो विजयी. एवढ्या विस्तीर्ण रानात प्रत्येकाच्या मागे पंच कोठून आणावा? म्हणून नियम जाणणे आणि चुकल्यास आपणच आपल्याला दंड करणे, ही जबाबदारी खेळाडूवरच सोपविलेली आहे.

या खेळाचे उपलब्ध असलेले सर्वांत जुने नियम स्कॉटलंडमधील एडिंबरो येथील खेळाडूंनी १७४४ साली लिहून काढले. ते अवघे तेरा होते. चेंडू हरवला तर मागच्या फटक्याच्या जागी परत जावे, दुसरा चेंडू टाकावा आणि प्रतिस्पर्ध्यास एक फटका द्यावा, असे त्यांत सांगितले आहे. आजही हरवलेल्या चेंडूचा नियम जवळजवळ हाच आहे. शोधण्यास पूर्वी पाच मिनिटे मिळत. २०१९ पासून तीनच मिळतात. चेंडू तळ्यात गेला, तर एका फटक्याचा दंड सोसून तो बाहेर टाकता येतो. परंतु पावसाचे पाणी मैदानावर तात्पुरते साचले असेल, तर दंडावाचून बाजूस होता येते. तळे कोठे आहे हे खेळाडूस आधीच ठाऊक असते. साचलेल्या पाण्यात त्याचा दोष तो काय?

चेंडूभोवतीची गळलेली पाने व सुटे खडे दूर करण्यास हरकत नाही. उगवलेले गवत मोडून मात्र वाट मोकळी करता येत नाही. चेंडू जसा पडला असेल तसाच मारावा, हे या खेळाचे मुख्य सूत्र होय. पाने काढताना किंवा फटक्यासाठी काठी टेकताना खेळाडूमुळे चेंडू हलला, तर एक फटका दंड भरून तो मूळ जागी ठेवावा लागतो. खळग्याभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीवर तो चुकून हलला, तर मात्र आता दंड नाही.

या नियमाची खरी कसोटी अमेरिकेत १९२५ साली लागली. वुस्टर येथे राष्ट्रीय खुली स्पर्धा चालू होती. बॉबी जोन्स हा तरुण खेळाडू पहिल्याच फेरीत अकराव्या खळग्याजवळ उंच गवतात फटक्याच्या तयारीत असता त्याचा चेंडू किंचित हलला. ते दुसऱ्या कोणीही पाहिले नव्हते. सोबतचा खेळाडू वॉल्टर हेगन यालाही काही दिसले नव्हते. तरीही जोन्सने आपल्या नावे एक फटका वाढवून घेतला. चार फेऱ्यांअखेर त्याचे आणि विली मॅकफार्लेन याचे फटके सारखेच, २९१, झाले! अठरा खळग्यांचा जादा सामना झाला. तोही ७५ फटक्यांवर बरोबरीत सुटला. पुन्हा अठरा खळगे खेळले गेले. त्यात मॅकफार्लेनने ७२ आणि जोन्सने ७३ फटके घेतले. लोकांनी त्याच्या प्रामाणिकपणाची वाखाणणी केली, तेव्हा त्याला ती मुळीच रुचली नाही. चोरी केली नाही म्हणून कोणाची स्तुती करावी काय, अशा अर्थाचे उत्तर त्याने दिले.

फटक्यांच्या नोंदीचा नियमही तितकाच कडक आहे. एकाची नोंद दुसरा ठेवतो. परंतु ती तपासून सही करणे हे ज्याचे त्याचे काम. खऱ्याहून कमी आकडा लिहिला, तर खेळाडू सामान्यतः स्पर्धेतून बाद होतो. जास्त लिहिला, तर तो जास्त आकडाच कायम राहतो. १९६८ साली ऑगस्टा येथील मास्टर्स स्पर्धेत अर्जेंटिनाच्या रॉबर्टो दे विचेंझो याने सतराव्या खळग्यास तीन फटके घेतले. ते हजारो प्रेक्षकांनी पाहिले होते. नोंद ठेवणाऱ्याने चुकून चार लिहिले, आणि दे विचेंझोने न तपासता सही केली. त्याची फेरी ६५ ऐवजी ६६ धरली गेली. तीन लिहिले असते, तर बॉब गोल्बी याच्याशी त्याची बरोबरी होऊन जादा सामना खेळला गेला असता. तो झालाच नाही. एका फटक्याने गोल्बी विजयी ठरला.